सेरेंगेटी आणि झांझिबार एकाच सुट्टीत: दिवस नको, रात्री मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब, मुलं ९ आणि १३ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीतले १० दिवस हाताशी आहेत. जंगल बघायचं आहे आणि शेवटी समुद्रावर निवांत राहायचं आहे. एजंटाने दिलेल्या आराखड्यात टांझानियातली तरंगिरे, मन्यारा, सेरेंगेटी, गोरोंगोरो ही जंगलं, मग झांझिबार बेटावरचे नुंग्वी आणि पाजे हे दोन किनारे, अशी बहुतेक ठिकाणी एक-एक रात्र आहे. हे जमेल का, त्यापेक्षा केनिया बरा का, आणि खर्च नेमका कुठे वाढतो?

कागदावर जमतं. प्रत्यक्षात निम्मी सुट्टी गाडीत आणि उरलेल्यातली बरीचशी बॅगा भरण्यात जाईल. म्हणून आधी अंतरं बघा. किलिमांजारो विमानतळ ते अरुशा शहर तासभर. अरुशा ते तरंगिरेचं फाटक दोन-अडीच तास. तरंगिरे ते करातू हे गाव दोन तास. करातू ते सेरेंगेटीच्या मधलं सेरोनेरा पाच तास. सेरोनेराहून अरुशाला परत यायला सात ते आठ तास. यातला करातूपर्यंतचा रस्ता डांबरी आहे. गोरोंगोरोच्या पुढे सेरेंगेटीपर्यंतचा कच्चा रस्ता बराचसा पन्हाळी पत्र्यासारखा आहे, गाडी सतत थडथडते आणि प्रत्येक फटीतून धूळ आत येते. मुलं हा रस्ता एकदा मजेत पार करतात. दुसऱ्यांदा करत नाहीत.

त्यात मुक्काम बदलला की अर्धा दिवस जातो. सकाळी सामान, नाश्ता, हिशेब. संध्याकाळी नवी खोली, नव्या लॉजची माहिती, गरम पाणी किती वाजता येतं याची चौकशी. जंगलात सर्वात मोलाचे तास उजाडल्यापासून नऊपर्यंतचे आणि चारनंतर अंधार पडेपर्यंतचे. मुक्काम बदलायच्या दिवशी नेमके हेच तास हातचे जातात. म्हणून दौरा ठरवताना किती दिवस हा प्रश्न बाजूला ठेवा आणि एका ठिकाणी सलग किती रात्री मिळतात ते बघा. सेरेंगेटीत तीनपेक्षा कमी रात्री घेऊ नयेत आणि समुद्रावर एकाच किनाऱ्याला तीन रात्री द्याव्यात. बाकी सगळं या दोन आकड्यांभोवती बसवायचं.

तुमच्या १० दिवसांत मी असं बसवेन. पहिल्या दिवशी मुंबईहून किलिमांजारोला उतरून अरुशात झोपायचं, त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तरंगिरे, दुपारनंतर निघून करातूला मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटे करातू सोडून सहा वाजता गोरोंगोरोच्या लोडोआरे फाटकावर हजर, तिथल्या ज्वालामुखीच्या विवरात उतरायचं, दुपारी बारा-साडेबारापर्यंत वर यायचं आणि तसंच पुढे सेरेंगेटीत. तिसरी, चौथी आणि पाचवी रात्र सेरेंगेटीत, एकाच कॅम्पमध्ये. सहाव्या दिवशी सकाळी एक फेरी मारून सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने थेट झांझिबार. सहावी, सातवी, आठवी रात्र किनाऱ्यावर. नववी रात्र स्टोनटाउनमध्ये, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरात. दहाव्या दिवशी तिथूनच परतीचं विमान.

मन्यारा मी काढून टाकलं आहे. ते सुंदर आहे, पण लहान आहे, आणि ज्या झाडावर चढणाऱ्या सिंहांसाठी लोक तिथे जातात ते दिसणं नशिबावर असतं. तरंगिरेबद्दल मात्र दिवाळी कधी येते ते बघून ठरवा. जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत आसपासचं पाणी आटतं आणि हत्तींचे कळप तरंगिरे नदीवर गोळा होतात. गोरखचिंचेच्या अवाढव्य झाडांखाली पन्नास-पन्नास हत्ती दिसतात. पाऊस सुरू झाला की हेच हत्ती पांगतात. दिवाळी ऑक्टोबरअखेर असेल तर तरंगिरे नक्की घ्या. नोव्हेंबरच्या मध्यावर असेल आणि पाऊस आधीच आला असेल तर तो दिवस तरंगिरेवर न घालवता थेट करातूला जाऊन प्रवासाचा शीण काढलेला बरा. ही गोष्ट निघायच्या आठवडाभर आधी चालक-गाइडला विचारून ठरवता येते.

तिसऱ्या दिवसाची आखणी अशी घट्ट ठेवण्यामागे हिशेब आहे. गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राचा परवाना २४ तासांचा असतो आणि सेरेंगेटीला रस्त्याने जाणाऱ्याला त्या क्षेत्रातून जावंच लागतं, विवरात उतरा किंवा उतरू नका. म्हणजे एका दिवशी विवर बघून करातूला परतलात आणि दुसऱ्या दिवशी सेरेंगेटीला निघालात, तर परवाना दोनदा. सेरेंगेटीहून गाडीनेच परतलात तर आणखी एकदा. सध्याचा दर मोठ्यांना ६० डॉलर, ५ ते १५ वर्षांच्या मुलांना २० डॉलर, वर १८ टक्के व्हॅट. तुमच्या चौघांचे एका वेळचे १८९ डॉलर होतात. विवरात उतरायचे गाडीमागे वेगळे २५० डॉलर अधिक व्हॅट, म्हणजे २९५. सकाळी विवर आणि दुपारी पुढे, असं केलं की एकाच परवान्यात दोन्ही कामं होतात.

सेरेंगेटीचाही परवाना २४ तासांनीच मोजतात: मोठ्यांना ७० डॉलर, मुलांना २०, वर व्हॅट. चौघांचे तीन वेळचे मिळून साधारण ६३७ डॉलर. सेरेंगेटीच्या नाबी हिल फाटकावर नोंद झाली तिथून घड्याळ सुरू होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला आत आलात तर सहाव्या दिवशी तीनच्या आत बाहेर पडायला हवं. विमान साडेचारचं असेल तर चौथा परवाना पडतो. म्हणून विमानाची वेळ कळल्याशिवाय आराखडा पक्का करू नका. उद्यानाच्या आत मुक्काम केला की माणशी रात्रीचं वेगळं शुल्कही लागतं. ते लॉजच्या दरात धरलं आहे की नाही, हे लेखी विचारून घ्या. फाटकांवर रोख घेत नाहीत, पैसे कंपनीने आधी भरलेले असावे लागतात. हे काम आधी न करणाऱ्या कंपनीच्या गाड्या फाटकावर तासभर उभ्या असतात, आणि तो तास सकाळचाच असतो. शुल्कं अधूनमधून बदलतात. तेव्हा माहितीपत्रकावरचा दर कोणत्या महिन्याचा आहे तेही बघा.

आता छोट्या विमानाचा खर्च. सेरोनेरा ते झांझिबार माणशी साधारण ४०० ते ५०० डॉलर, आणि हा आकडा पाहून बहुतेक जण गाडीने परतायचं ठरवतात. पण त्या बाजूचा हिशेब मांडा: गोरोंगोरोचा परतीचा परवाना, गाडी आणि चालकाचा आणखी एक दिवस, अरुशातली एक जास्तीची रात्र, आणि अरुशा ते झांझिबार विमान तर तरीही लागणारच. फरक बराचसा आटतो आणि एक आख्खा दिवस वाचतो. या विमानांत एक बंधन कडक आहे: माणशी १५ किलो सामान, तेही हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची टणक सुटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात शिरतच नाही. घरीच वजनकाट्यावर बॅगा तोला. विमानाची वेळ आदल्या दिवशी थोडी पुढेमागे होऊ शकते आणि वाटेत एक-दोन धावपट्ट्यांवर विमान थांबतं. म्हणून त्याच दिवशीचं आंतरराष्ट्रीय विमान कधीही धरू नका. स्टोनटाउनची शेवटची रात्र यासाठीही आहे.

मुंबईहून तिकीट काढताना जायचं किलिमांजारोला आणि परतायचं झांझिबारहून, असं एकत्र तिकीट मागा. इथिओपियन एअरलाइन्स आदिस अबाबामार्गे या दोन्ही ठिकाणी जाते, त्यामुळे हे सहज जमतं. केनिया एअरवेज नैरोबीमार्गे नेते. दोन्हीकडचं वेगवेगळं तिकीट काढलं तर महाग पडतं आणि एक विमान चुकलं की दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

आधी जंगल आणि मग समुद्र, हा क्रमही उलटा करू नका. जंगलात पहाटे पाचला उठावं लागतं, अंगावर धूळ बसते, पाठ आंबते. त्यानंतर समुद्र हवा असतो. दुसरं कारण प्रकृतीचं आहे. कोणी स्कुबा डायव्हिंग करणार असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. समुद्र आधी ठेवला तर लगेच छोटं विमान आणि मग २२०० मीटरच्या वर असलेला गोरोंगोरोचा कडा, हे शरीराला चालणारं नाही. शेवटीही डायव्हिंग आठव्या दिवशी संपवा, नववा दिवस जमिनीवर.

केनिया की टांझानिया? मासाई मारा आणि डियानीचा किनारा ही जोडी उत्तम आहे. नैरोबीला मुंबईहून थेट विमान आहे आणि अंतरंही कमी. पण मासाई माराचं शुल्क आता जानेवारी ते जूनमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे, आणि तिथलं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. दिवाळीत जाणाऱ्याला नेमका चढा दर लागतो. पाच-सहा दिवसच हातात असतील तर तरीही केनिया निवडावा. दहा दिवस असतील तर टांझानिया. दोन्ही देश एकाच दौऱ्यात घालायचा मोह होतो, तो आवरा. पूर्व आफ्रिकेचा एकत्रित पर्यटन व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडालाच चालतो, टांझानियाला चालत नाही. शिवाय मारा ते सेरेंगेटी नकाशावर लागून असले तरी पर्यटकांना तिथून सीमा ओलांडता येत नाही, मोठा वळसा पडतो.

हंगामाबद्दल सरळ सांगतो. आपल्या मुलांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि तिथे नेमका तेव्हाच ‘मसिका’ म्हणजे मोठा पाऊस असतो. रस्त्यांवर काळी चिकणमाती होते, काही कॅम्प बंदच असतात, झांझिबारलाही सतत पाऊस. स्वस्त मिळतंय म्हणून मेमध्ये जाऊ नका. दिवाळीच्या सुमारास ‘वुली’ हा छोटा पाऊस सुरू होतो. दुपारी एखादी जोरदार सर येते आणि उघडतं. धूळ बसते, गवत हिरवं होतं, फोटो छान येतात, गर्दी कमी असते. समुद्राच्या दृष्टीने तर हा काळ चांगलाच आहे, कारण दक्षिणेकडचा ‘कुसी’ वारा संपलेला असतो आणि उत्तरेकडचा ‘कस्काझी’ अजून स्थिरावलेला नसतो. पाणी शांत आणि नितळ असतं.

मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे, कळप दिवाळीत दिसतील का? दिवाळी ऑक्टोबरात असेल तर सेरेंगेटीच्या अगदी उत्तरेला, कोगातेंडेच्या बाजूला शक्यता असते. नोव्हेंबरात त्याच्या मागे लागू नका. तोवर बहुतेक कळप दक्षिणेकडे निघालेले असतात. ही मिरवणूक कुठल्या एका तारखेला होत नाही, पाऊस जिकडे पडतो तिकडे कळप वळतात. सुमारे १५ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे वर्षभर गोल फिरत असतात: फेब्रुवारीच्या आसपास दक्षिणेला न्डुटूच्या माळावर विणीचा हंगाम, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला नदी. सिंह, बिबटे, चित्ते मात्र स्थलांतर करत नाहीत. सेरोनेरा नदीकाठची झाडं आणि माळावर उभे असलेले खडकांचे ढीग, ज्यांना तिथे ‘कोपी’ म्हणतात, ही त्यांची कायमची घरं. म्हणूनच तीन रात्री सेरोनेरालाच ठेवल्या आहेत.

ताडोबा-पेंचला जाणाऱ्यांनी एक सवय बाजूला ठेवावी. आपल्याकडे सकाळची फेरी, दुपारची फेरी, वेळ संपली की बाहेर. सेरेंगेटीत सकाळी निघालात की दुपारचं जेवण सोबत घेऊन दिवसभर आत राहता येतं. हा देश उघड्या माळाचा आहे. जनावर झाडीतून क्षणभर डोकावून गेलं असं होत नाही, ते तासभर तुमच्यासमोर असतं. गाइडला ‘पुढे काय’ विचारत राहू नका. चित्तीण वारुळावर चढून बसली असेल तर थांबा. तिचे कान कुठे वळलेत ते बघा, मान कुठे ताठ होते ते बघा. चाळीस मिनिटं काही घडत नाही आणि मग सगळं वीस सेकंदांत घडतं. निघून गेलेल्या गाड्यांना ते दिसत नाही.

गोरोंगोरोच्या विवरातही काय शोधायचं आणि काय नाही हे माहीत असलेलं बरं. सुमारे ६०० मीटर खोल, २६० चौरस किलोमीटर तळ. काळा गेंडा दिसण्याची उत्तर टांझानियातली सर्वात चांगली जागा हीच, पण बहुतेकदा तो दुर्बिणीतून दिसणारा करडा ठिपका असतो. जिराफ तिथे नाहीत, उतार त्यांना झेपत नाही. हत्ती दिसतात ते बहुतांशी मोठ्या सुळ्यांचे नर. पहाटे कड्यावर धुकं आणि बोचरी थंडी असते, मुलांना स्वेटर, कानटोपी हवीच. तळ्याकाठच्या न्गोइतोकितोक या जेवणाच्या जागी आकाशात घारी फिरत असतात. हातातलं सँडविच त्या झेप घालून नेतात आणि त्यांच्या नख्यांनी बोटं ओरबाडली जातात. जेवण गाडीत बसूनच करा, मग खाली उतरून तळ्यातले पाणघोडे बघा.

कंपनी निवडताना एकूण रकमेवरून घासाघीस करण्याआधी हे विचारा. गाडी फक्त आपली की इतरांबरोबर? लँड क्रूझरच्या छत उघडणाऱ्या गाडीत सहा-सात आसनं असतात. चौघांना ती ऐसपैस होते, सात जण कोंबले तर मधल्यांना काही दिसत नाही. दोन कुटुंबं मिळून आठ जण असाल तर दोनच गाड्या घ्या. दुसरं, रोज किती किलोमीटर फिरवणार? काही दरपत्रकांत डिझेलची मर्यादा बारीक अक्षरांत असते. तिसरं, कॅम्प नेमका कुठे आहे? ‘सेरेंगेटी’ नाव लावलेली काही ठिकाणं उद्यानाच्या पश्चिमेला, फाटकाबाहेर आहेत. तिथून सेरोनेरा दीड तास, म्हणजे पहाट रस्त्यातच. नकाशावरची खूण मागून घ्या. उद्यानात अंधार पडल्यावर फिरायला बंदी आहे, सेरोनेरा भागात रस्ता सोडून गाडी घालायलाही बंदी आहे. रात्रीची सफारी किंवा ‘जनावराच्या अगदी जवळ नेऊ’ असं कोणी आश्वासन देत असेल तर ती कंपनी टाळा.

मध्यम दर्जाच्या मुक्कामासह स्वतंत्र गाडीची सफारी माणशी दिवसाला साधारण ३०० ते ४५० डॉलर पडते, मुलांना थोडं कमी. याच्या निम्म्यात कोणी देत असेल तर गाडी, चालकाचा पगार किंवा मुक्काम, कुठेतरी कात्री लागलेली असते. गरम हवेच्या फुग्याची फेरी माणशी ६०० डॉलरच्या आसपास. चौघांनी तो खर्च करण्यापेक्षा सेरेंगेटीत चौथी रात्र घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चालक-गाइडला गाडीमागे दिवसाला २० ते ३० डॉलर बक्षीस देण्याची रीत आहे, ते आधीच बाजूला काढून ठेवा. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या आणि शक्यतो २०१३ नंतरच्या असाव्यात; जुन्या नोटा नाकारतात. शहरातल्या दुकानांसाठी टांझानियाचे शिलिंग लागतील. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, कापला जातो, तो विवरणपत्रात हिशेबात धरता येतो, पण निघताना ती रक्कम हातातून जाते हे लक्षात ठेवा.

सामानात काळे आणि गडद निळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या या रंगांवर धावून येतात आणि त्यांचा चावा कापडातूनही लागतो. खाकी, बदामी, फिकट हिरवा चालेल. सैनिकी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे मात्र मुलांनाही घालू नका, टांझानियात ते सामान्य लोकांना निषिद्ध आहेत. ड्रोन घरी ठेवा. दुर्बीण ८ बाय ४२ ची, आणि दोघांत एक तरी हवीच. कॅमेऱ्यावर जेवढे पैसे घालता त्याच्या दहाव्या हिश्शात सगळ्यांचा दिवस सुधारतो. मोठी लेन्स असेल तर एक रिकामी कापडी पिशवी न्या आणि अरुशात दोन किलो तांदूळ घेऊन तिच्यात भरा. गाडीच्या छताच्या कडेवर लेन्स टेकवायला याहून चांगलं काही नाही. छोट्या विमानात बसण्याआधी ते तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाका.

खाण्याचं फारसं टेन्शन नाही. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, चहाला चाय. नारळाच्या रसातल्या राजम्यासारख्या घेवड्याला ‘महारागे या नाझी’ म्हणतात, ते आणि भात मुलांना आवडतं. अडचण येते दुपारच्या डब्याची: ठरलेल्या डब्यात कोंबडीचा तुकडा आणि उकडलेलं अंडं असतंच. शाकाहारी असाल तर कंपनीला आधी लिहून कळवा आणि रोज रात्री कॅम्पमध्ये पुन्हा सांगा. ‘व्हेज’ म्हणजे अंडंही नाही हे वेगळं सांगावं लागतं. फराळ जरूर न्या, पण प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नको. टांझानियात १ जून २०१९ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. चकल्या, चिवडा, दशम्या स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा.

आता समुद्र, आणि इथे कोकणातलं ज्ञान थेट उपयोगी पडतं. झांझिबारला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरपर्यंत फरक पडतो. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, जांबियानी, मातेम्वेला तळ उथळ आहे. ओहोटीला पाणी किलोमीटरभर आत जातं आणि पोहायला आलेली माणसं ओल्या वाळूकडे बघत बसतात. उत्तरेला नुंग्वी-केंद्वाला हा फरक किनाऱ्यावर फारसा जाणवत नाही, दिवसभर पोहता येतं, पण गर्दी आणि गोंगाट तिथेच.

आपल्याकडे किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. झांझिबारसाठी त्या उत्तरात साधारण चार तास मिळवा. अमावास्या-पौर्णिमेला तिथे भरती दुपारी चारच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास येते, तीही उधाणाची. अष्टमीच्या सुमारास उलट होतं: सकाळी दहाला भरती, आणि भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे दिवस असल्याने पाणी फार आत जातही नाही. आता तुमचं कॅलेंडर बघा. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी निघालात तर झांझिबारला पोचाल तेव्हा कार्तिक शुद्ध अष्टमी असेल आणि पुढचे तीन दिवस सकाळी दहा ते दुपारी साडेबाराच्या दरम्यान भरती. पूर्व किनारा अशा वेळी नुंग्वीपेक्षा सुंदर असतो. पण दिवाळीआधी निघून लक्ष्मीपूजनाच्या आसपास समुद्रावर असाल तर नुंग्वी किंवा केंद्वाच घ्या. भाऊबीजेनंतर निघण्याचा आणखी एक फायदा: सेरेंगेटीतल्या रात्री चंद्र लवकर मावळतो आणि कॅम्पवर तारे बघायला मिळतात. पक्की वेळ हॉटेलच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या, अंदाज फक्त खोली आरक्षित करताना.

ओहोटीला पाण्यात चालायला रबरी बूट हवेत, खडकांत काटेरी समुद्री साळी असतात आणि काटा पायात मोडला की काढणं त्रासाचं. सकाळी ओहोटीला पाजे-जांबियानीच्या बायका खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर समुद्री शेवाळ लावताना-काढताना दिसतील. फोटो विचारून काढा आणि त्यांच्या दोऱ्यांमधून चालू नका. तारामासे पाण्याबाहेर काढून फोटोसाठी धरायला नावाडी सांगतील, मुलांना ते करू देऊ नका, ते मरतात. किझिमकाझीला डॉल्फिन दाखवायला नेतात तिथे एका कळपामागे वीस होड्या लागतात. तो पर्याय सोडा आणि म्नेंबा बेटाजवळ सकाळी लवकर स्नॉर्केलिंग करा. मसाल्याच्या बागेची फेरी ज्यांनी दापोली-सावंतवाडीकडच्या बागा पाहिल्यात त्यांना नवी वाटणार नाही. त्याऐवजी जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं बघा, ती या द्वीपसमूहाबाहेर कुठेही नाहीत.

स्टोनटाउनमध्ये संध्याकाळ पायी घालवा. लोकवस्ती मुस्लीम आहे, किनारा सोडून गावात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दरवाज्यांची नक्षी बघत चाला. गुजराती-कच्छी घरांच्या दरवाज्यांवर पितळी खिळे दिसतात. फारुख बलसारा, म्हणजे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, १९४६ साली इथेच जन्मला आणि शाळेला आपल्या पाचगणीला आला. मुलांना ही गोष्ट सांगितली की गल्ल्या फिरायला उत्साह येतो.

कागदपत्रं. टांझानियाचा ई-व्हिसा ५० डॉलरचा, माणशी वेगळा, झांझिबारलाही तोच चालतो. पत्ता ‘गो डॉट टीझेड’ने संपणारं सरकारी संकेतस्थळच वापरा, हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात. निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा. झांझिबारमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून स्थानिक सरकारी विमा सक्तीचा आहे, मोठ्यांना ४४ डॉलर. तुमचा भारतातला प्रवासविमा असला तरी तो घ्यावाच लागतो, आणि तो घेतला तरी भारतातला सोडू नका.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस हा सर्वात जास्त दुर्लक्षित मुद्दा. टांझानियाला थेट जाणाऱ्या भारतीयाला ती लागत नाही हे खरं. पण तुमचं विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे आहे आणि भारताच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत इथिओपिया आणि केनिया दोन्ही आहेत. परतताना प्रमाणपत्र नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. फक्त विमानतळावरच थांबलो होतो हे मध्यरात्री मुलांना घेऊन पटवत बसण्यापेक्षा लस घ्या. ती अधिकृत केंद्रांवरच मिळते, दिवाळीआधी तारखा लवकर भरतात, आणि प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. म्हणून दीड-दोन महिने आधी नंबर लावा. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मलेरियाच्या गोळ्या सुद्धा डॉक्टरांना विचारूनच, मुलांचा डोस वजनावर ठरतो. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. घरी आल्यावर दोन दिवसांत बंद करणारे पुष्कळ असतात आणि तिथेच चूक होते. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती परतल्यावर चार आठवडे. परतल्यापासून तीन महिन्यांत कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही आफ्रिकेत होतो. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा असतो, तो दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो, आणि ‘व्हायरल असेल, बघू’ म्हणत घालवायला तेवढा वेळ नसतो.